रुस्ताकला माल पाठवताना

ओमानमधल्या एखाद्या खरेदीदाराकडून विचारणा येते : हळद हवी आहे, कांदा हवा आहे, द्राक्षे हवी आहेत, रुस्ताकपर्यंत पोहोचवून काय भाव पडेल ते कळवा. सांगली, नाशिक किंवा जालन्यातला नवा निर्यातदार हिशेबाला बसतो. मालाची किंमत, पॅकिंग, न्हावा शेवापर्यंतचा ट्रक, समुद्राचे भाडे, कागदपत्रांचा खर्च. बेरीज होते, त्यावर थोडा नफा चढतो आणि भाव जातो. या हिशेबात एक मोठी गोष्ट सुटलेली असते. रुस्ताकला समुद्रच नाही. बंदरावर उतरलेला माल तिथून पुढे कोणी न्यायचा, कुठल्या रस्त्याने, कोणाच्या जोखमीवर आणि रिकामा कंटेनर परत कोणी पोहोचवायचा, हे ठरल्याशिवाय तो भाव पुरा होत नाही. समुद्राचे भाडे एका ईमेलमध्ये कळते. सौद्यात नफा राहतो की जातो, ते मात्र बहुतेक वेळा बंदर आणि आतले गाव यांच्यामधल्या पट्ट्यात ठरते. म्हणून तो पट्टा आधी नीट समजून घेऊ.

रुस्ताक हे ओमानच्या दक्षिण बातिना प्रांताचे मुख्य ठिकाण. हजर पर्वताच्या पायथ्याशी, किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत वसलेले. खजुराच्या बागा, उष्ण पाण्याचा झरा, जुना भक्कम किल्ला आणि जमिनीखालून पाणी आणणारे फलज. इथला फलज अल-मुयस्सर २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या ओमानच्या पाच फलजांपैकी एक आहे. आज शांत वाटणारे हे गाव एकेकाळी हिंदी महासागरातल्या एका बलाढ्य सत्तेचे केंद्र होते. १६२४ मध्ये नासिर बिन मुर्शिद यांची इमाम म्हणून निवड इथेच झाली. त्या वेळी मस्कत आणि सोहार पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. १६४३ मध्ये सोहार घेतले गेले, १६५० मध्ये नासिर यांचे वारस सुलतान बिन सैफ यांनी मस्कत घेतले. पुढे सैफ बिन सुलतान यांच्या आरमाराने १६९८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मोंबासाचा फोर्ट जीझस जिंकला. १७११ मध्ये वारलेल्या या इमामाची कबर रुस्ताकच्या किल्ल्यात आहे. आजच्या राजघराण्याचे संस्थापक अहमद बिन सईद हे आधी सोहारचे वाली होते. इमाम झाल्यावर त्यांनी रुस्ताकहून राज्य केले. त्यांच्या नातवाच्या काळात, अठराव्या शतकाच्या शेवटी, सत्ता मस्कतला गेली. व्यापार जिथे उतरत होता, तिथे दरबार सरकला.

हा इतिहास सांगण्यामागे व्यवहाराचे कारण आहे. बातिनाचा किनारा लांब, सरळ आणि वाळूचा. जहाजाला आडोसा देणाऱ्या खाड्या त्यावर फारशा नाहीत. सुवैक, मुसन्ना, बरका इथे जहाजे उघड्या समुद्रात नांगरायची आणि माल लहान होड्यांतून ने-आण व्हायची. नैसर्गिक आसरा होता तो मस्कत-मत्रहला. त्यामुळे रुस्ताकला कायमचे असे एकच बंदर कधी नव्हते. ऋतू, राजकारण आणि भाव पाहून बंदर बदलत गेले. किनारा आणि आतला मुलूख यांच्यातले नाते इतके नाजूक होते, की २५ सप्टेंबर १९२० च्या सीबच्या तहात मस्कतचा सुलतान आणि आतल्या भागातले इमामत यांनी एक कलमच घातले : आतून मस्कत, मत्रह, सूर आणि इतर किनारी गावांत येणाऱ्यांकडून शेकडा पाचपेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. सातवाहनांच्या काळी पठारावरचा माल नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरायचा, तेव्हाचा प्रश्नही हाच होता. वाट कोणाच्या हातात आणि वाटेवरचा खर्च कोणाच्या माथी?

बंदर कोणते?

आज उत्तर बहुतेक वेळा सोहार असते. ओमान सरकार आणि रॉटरडॅम बंदर यांच्या भागीदारीतून हे बंदर उभे राहिले आणि २००४ पासून चालू झाले. कंटेनर टर्मिनल हचिसन पोर्ट्स चालवते. ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस मस्कतजवळच्या मत्रह इथल्या सुलतान काबूस बंदरातली व्यापारी मालवाहतूक सोहारला हलवली गेली. मत्रहचे बंदर पर्यटनाच्या जहाजांसाठी ठेवले गेले. तरीही जुन्या सवयीने ‘सीआयएफ मस्कत’, म्हणजे मस्कतपर्यंतचे भाडे आणि विमा धरून, असे भाव मागितले जातात आणि दिलेही जातात. असा शब्द करारात दिसला की थांबा आणि विचारा : माल जहाजातून नेमका कुठे उतरणार? दक्षिणेचे सलाला बंदर मोठे आहे, पण ते रुस्ताकपासून हजारेक किलोमीटर दूर. सुवैकचे लहान बंदर रुस्ताकला जवळ आहे, पण मोठ्या कंटेनर जहाजांची नियमित सेवा तिथे शोधू नका.

दुसरा पर्याय दुबईच्या जेबेल अलीचा. तिथे जहाजे जास्त, त्यामुळे भाडे कधीकधी स्वस्त दिसते. मग माल एकतर लहान जहाजाने सोहारला येतो किंवा ट्रकने सीमा ओलांडून. जहाज बदलले तर दिवस वाढतात. ट्रकने आला तर सीमेवरचे कागद, रांग आणि दोन देशांतले वाहतूकदार यांची भर पडते. शिवाय जेबेल अली होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे, सोहार बाहेर. आखातात तणाव वाढला की विम्याचा हप्ता आणि जहाजांची वेळापत्रके आधी आतल्या बाजूला बिघडतात. नाशवंत मालासाठी मी तरी न्हावा शेवाहून थेट सोहारला जाणारी सेवाच निवडेन, भाडे थोडे जास्त असले तरी.

सोहारहून रुस्ताक सव्वाशे-दीडशे किलोमीटर. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या बातिना एक्स्प्रेसवेने हा प्रवास सोपा केला आहे. हा सुमारे २७० किलोमीटरचा महामार्ग किनाऱ्यालगतच्या जुन्या रस्त्याला समांतर, थोडा आतून जातो. इथेच एक गोष्ट नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखी आहे. बरका विलायतीत, म्हणजे तालुक्यात, खझाईन नावाची नवी आर्थिक नगरी उभी राहिली आहे. तिथे कोरडे बंदर आहे, म्हणजे समुद्र नसलेल्या जागी कस्टम तपासणी करून कंटेनर सोडवता येतो. ओमानचा फळे-भाजीपाल्याचा मध्यवर्ती बाजारही २०२४ मध्ये मस्कतच्या मवालेहहून तिथेच आला. त्यामुळे ओमानला जाणारा प्रत्येक कंटेनर खझाईनला न्यावा असा मोह होतो. पण सोहारहून मस्कतच्या दिशेने येताना रुस्ताकचा फाटा आधी लागतो, खझाईन त्याच्या बरेच पुढे. रुस्ताकच्या खरेदीदाराला पूर्ण कंटेनर हवा असेल, तर तो सोहारला सोडवून थेट फाट्यावरून आत वळवणेच शहाणपणाचे. खझाईनला नेऊन परत मागे आणण्यात डिझेल आणि दिवस दोन्ही जातात. उलट त्याला चार-पाच टनच हवे असतील, तर अर्धा रिकामा कंटेनर पाठवू नका. खझाईनच्या मोठ्या आयातदाराला पूर्ण कंटेनर विका, रुस्ताकचा दुकानदार त्याच्याकडून लहान गाडीत उचलेल. तुमचा भाव थोडा कमी येईल, पण जोखीम बरीच घटेल. सोहार ते अबू धाबी रेल्वेचे काम सुरू आहे. रुस्ताकच्या हिशेबात तिचा विचार सध्या करू नका.

तीन अक्षरांचा करार

भावापुढे जी तीन इंग्रजी अक्षरे लिहिली जातात, तीच खर्च आणि जोखीम कुठे हात बदलते ते ठरवतात. ती सवयीने लिहू नयेत. आपल्याकडे सगळे एफओबी म्हणतात. इन्कोटर्म्स २०२० च्या नियमांनुसार एफओबीत जोखीम माल जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडे जाते. कंटेनर मात्र जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी तुमच्या हातून सुटलेला असतो. तो टर्मिनलच्या आवारात उभा असतो. त्या काळात काही झाले तर एफओबीत नुकसान तुमचे. म्हणून कंटेनरसाठी एफसीए बरा. नागपूरचा निर्यातदार ‘एफसीए नागपूर’ असा भाव देऊन माल तिथल्या आयसीडीत, म्हणजे कोरड्या बंदरात, वाहतूकदाराच्या हवाली करू शकतो. पुढचा रेल्वेचा प्रवास आणि न्हावा शेवाचे आवार, या दोन्हींची जोखीम मग खरेदीदाराची.

सीआयएफ सोहार म्हटले की भाडे आणि विमा तुमचा, तरी जोखीम न्हावा शेवालाच खरेदीदाराकडे जाते. हे अनेकांना ठाऊक नसते. सीआयएफमध्ये तुम्ही किमान विमाच काढायला बांधील असता, तो म्हणजे क्लॉज सी. त्यात जहाज बुडणे, आग लागणे, वाहन उलटणे असे मोठे अपघात येतात. समुद्राचे किंवा नदीचे पाणी आत शिरून भिजलेला माल येत नाही. आणि रुस्ताकच्या वाटेवर पाण्याचा प्रश्न खराच आहे. वाळवंटी भाग म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. हजरच्या डोंगरात पाऊस झाला की वाद्या, म्हणजे एरवी कोरडी असणारी नदीपात्रे, तासाभरात भरून वाहतात आणि बातिनाच्या सखल पट्ट्यात रस्ते तुटतात. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, मुसन्ना-सुवैक परिसरात आदळले. सुवैक, खाबूरा, सहम आणि रुस्ताक या विलायतींत मोठे नुकसान झाले. तेव्हा विमा सर्वांत व्यापक अशा क्लॉज ए चा घ्या आणि तो बंदरावर न संपता रुस्ताकच्या गोदामापर्यंत लागू आहे, हे पॉलिसीवर शेवटच्या ठिकाणाचे नाव लिहून पक्के करा.

खरेदीदार ‘रुस्ताकपर्यंत पोहोच’ मागत असेल तर दोन वाटा आहेत. सीआयपी रुस्ताकमध्ये भाडे आणि पूर्ण विमा तुमचा, पण जोखीम तुम्ही पहिल्या वाहतूकदाराला माल दिलात तेव्हाच जाते. डीएपी रुस्ताकमध्ये माल दारात पोहोचेपर्यंत सगळी जोखीम तुमची. जकात आणि सोडवणूक मात्र खरेदीदाराची. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सीआयपी सुचवीन. डीडीपी मात्र टाळाच. त्यात ओमानची जकात आणि व्हॅटसुद्धा तुमच्या गळ्यात येतो. ओमानमध्ये तुमची नोंदणीकृत कंपनी नसताना आयातदार म्हणून उभे राहणे अडचणीचे आहे.

जकातीचा हिशेब खरेदीदाराने करायचा असला तरी तो तुम्हाला यायला हवा, कारण तो सौदा करताना त्याच आकड्याने बोलत असतो. आखाती देशांची समान बाह्य जकात साधारणपणे सीआयएफ किमतीच्या ५ टक्के आहे आणि ओमानमध्ये एप्रिल २०२१ पासून ५ टक्के व्हॅट आहे. व्हॅट जकात धरून लागतो. १०० रियालच्या मालावर ५ रियाल जकात, मग १०५ वर सव्वापाच रियाल व्हॅट, एकूण सव्वादहा. अनेक मूलभूत खाद्यपदार्थांना यात सूट किंवा शून्य दर आहे. तुमच्या मालाला ती आहे का, हे मालाच्या वर्गवारीचा एचएस कोड देऊन खरेदीदाराच्या क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या. आणखी एक बारीक, पण महागात पडणारी गोष्ट : ओमानी रियालचे १००० बैसे होतात, म्हणून तिथे दशांशानंतर तीन आकडे लिहितात. १.२५० म्हणजे सव्वा रियाल, साडेबाराशे नव्हे. रियाल सुमारे २.६० डॉलरचा आहे, तेव्हा अशी एक चूक केवढ्याला पडेल ते लक्षात घ्या. इनव्हॉइस डॉलरमध्ये करणे सर्वांत सोपे.

कागद जहाजाच्या आधी पोहोचले पाहिजेत

न्हावा शेवा ते सोहार हा समुद्रप्रवास युरोपासारखा आठवड्यांचा नाही. थेट सेवा असेल तर जहाज काही दिवसांतच पोहोचते, आणि हाच जवळच्या देशांच्या व्यापारातला सर्वांत मोठा सापळा आहे. मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घेण्याचा कागद, शिपिंग कंपनीकडून मिळणार, मग तुमच्या बँकेत, तिथून कुरियरने ओमानच्या बँकेत, तिथे खरेदीदार पैसे भरणार आणि मग कागद घेऊन माल सोडवणार. तोवर कंटेनर सोहारला उतरून बसलेला असतो. त्यात ओमानची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार आणि आपल्याकडे रविवार. गुरुवारी दुपारी अडकलेले काम सोमवारपर्यंत लांबते. रमजान आणि ईद आली की आणखी.

कंटेनर ठरावीक मोफत दिवसांपेक्षा जास्त काळ बंदरात राहिला तर डेमरेज लागते. बाहेर काढल्यावर रिकामा परत करायला उशीर झाला तर डिटेन्शन. आतल्या गावासाठी हे दुसरे जास्त छळते, कारण कंटेनर रुस्ताकला जाऊन, रिकामा होऊन पुन्हा सोहारच्या डेपोत यायचा असतो. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरच्या कामाला बंदी असते, म्हणजे आवारात कंटेनर रिकामा करायचा तर पहाटेची वेळ धरावी लागते. म्हणून बुकिंग करतानाच ओमानच्या बाजूचे मोफत दिवस वाढवून मागा. भाडे ठरण्याआधी हे दिवस सहज मिळतात, नंतर विनवण्या कराव्या लागतात.

पैशाची सुरक्षा आणि वेग, दोन्ही हवे असतील तर एक मध्यम मार्ग आहे : काही रक्कम आगाऊ घ्या, जहाज सुटताच उरलेली रक्कम मागा आणि ती आल्यावर बिल ऑफ लेडिंग न्हावा शेवालाच सरेंडर करा. मूळ कागद मग कुठे पाठवावाच लागत नाही. नव्या खरेदीदाराला उधारी देत असाल तर आधी निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या ईसीजीसीकडे त्याची पत तपासून विमा घ्या.

बिल ऑफ लेडिंगवर माल कुठे स्वीकारला, कुठे चढला, कुठे उतरणार आणि शेवटी कुठे द्यायचा यांचे चार वेगळे रकाने असतात. शेवटचा रकाना बहुतेक जण मोकळा ठेवतात. तो मोकळा राहिला तर शिपिंग कंपनीची जबाबदारी सोहारच्या धक्क्यावर संपते आणि पुढचा ट्रक खरेदीदाराने शोधायचा. त्या रकान्यात खझाईन किंवा रुस्ताक लिहिले गेले, तर तिथपर्यंत नेणे कंपनीच्या अंगावर येते. त्याचे पैसे लागतात, पण वाटेत माल खराब झाला तर दावा कोणावर करायचा हा वाद राहत नाही. सोहारच्या आसपासचा ट्रकवाला खरेदीदाराच्या ओळखीचा असेल तर त्यालाच करू द्या. नसेल तर हा रकाना भरून घ्या.

ओमानमध्ये कस्टमचे काम रॉयल ओमान पोलिसांकडे आहे आणि सगळी नोंद ‘बयान’ या संगणक प्रणालीत होते. खरेदीदाराचा एजंट जहाज येण्यापूर्वीच नोंद सुरू करू शकतो, पण त्याला तुमची इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ओरिजिन सर्टिफिकेट आणि शेतमाल असेल तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट हवे. या सर्वांवर मालाचे वर्णन, वजन आणि पेट्यांची संख्या अक्षरशः एकच असू द्या. डबाबंद माल असेल तर लेबलवर अरबी मजकूर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख हवी. लेबलचा नमुना छापण्याआधी खरेदीदाराला पाठवून मंजूर करून घ्या.

द्राक्षे, डाळिंबे अशा मालाच्या रीफर, म्हणजे शीत, कंटेनरला रस्त्यावरही वीज लागते. ट्रकवर जेनसेट आहे का आणि रुस्ताकच्या शीतगृहात कंटेनरला प्लग जोडायची सोय आहे का, हे दोन प्रश्न विचारायला विसरू नका. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवा. माल खराब निघाला तर तो जहाजात बिघडला की बंदर ते गाव या वाटेत, ते त्याच यंत्रावरून कळते. कांद्याच्या करारात आणखी एक कलम असू द्या. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ पर्यंत. अशा वेळी भरलेला कंटेनर अडकला तर खर्च कोणाचा आणि सौदा रद्द कधी होतो, हे आधीच लिहून ठेवा.

येताना रिकामे का यावे?

रुस्ताक आणि बातिनाच्या बागांचा आपल्या घरांशी जुना संबंध आहे. मबसली जातीचा खजूर पिवळा असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. या कामाला तिथे तबसील म्हणतात. ती खारीक पिढ्यान्‌पिढ्या भारतात येत आली. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत, लग्नाच्या रुखवतात ती पोहोचते. सोहारला जाऊन रिकाम्या होणाऱ्या कंटेनरना भारताकडे परत माल हवाच असतो, त्यामुळे त्या दिशेचे भाडे अनेकदा बरे मिळते. ज्या रुस्ताकच्या व्यापाऱ्याला तुम्ही हळद विकता, त्यालाच खारीक किंवा वाळवलेली लिंबे मिळतील का विचारा. खारीक उन्हाळ्यात तयार होते, म्हणून चौकशी मे महिन्यात करा आणि आधी दोन-तीन किलोचा नमुना मागवून ओलावा आणि कीड तपासून घ्या. भारतात उतरवताना आयात-निर्यात कोड, एफएसएसएआयचा परवाना आणि वनस्पती संगरोधाची परवानगी लागते. ही परवानगी माल तिकडून निघण्याआधी हातात हवी. आणि इथेही तोच प्रश्न आधी सोडवा : माल न्हावा शेवाला सोडवायचा, की तसाच बंद कंटेनर आयसीडीला नेऊन तिथे? जालना, नागपूरच्या व्यापाऱ्याने दोन्ही ठिकाणचे भाव मागवावेत, त्यात रिकामा कंटेनर परत करण्याचा खर्च धरावा आणि मगच रुस्ताकला ऑर्डर द्यावी.